कमरेचा घेर आणि माशाच्या तेलाची बाटली

पौड-पिरंगुटापासून हिंजवडीपर्यंत मुळशी तालुक्यातील औषधांच्या दुकानांत माशाच्या तेलाच्या सोनेरी कॅप्सूल डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचूनही मिळतात. आणि साखर सीमेवर आल्याची ताकीद मिळालेला गृहस्थ ‘याने आतला दाह कमी होतो’ एवढ्या ऐकीव भरवशावर ती बाटली घरी आणतो, तेव्हा त्या भरवशाला शास्त्राचा आधार कितपत आहे याची चौकशी करणे अगत्याचे ठरते.

या समजुतीच्या मुळाशी सत्याचा अंश निश्चित आहे. पोटात साठलेली चरबी स्वस्थ पडून राहत नाही. तिच्यात शिरलेल्या पेशी मंद पण अव्याहत दाह उत्पन्न करणारी द्रव्ये स्रवतात आणि त्यामुळे स्नायू व यकृत इन्शुलिनचा हुकूम जुमानीनासे होतात. २०१० साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत माशातील ओमेगा-३ मेदाम्लांनी हा दाह शमवून इन्शुलिनचे कार्य सुधारल्याचे आढळले होते. परंतु मनुष्यांच्या बाबतीत तो प्रत्यय आला नाही: २०१९ साली ८३ चाचण्यांचा एकत्र विचार झाला तेव्हा ओमेगा-३ने मधुमेह टळतो किंवा साखर आटोक्यात येते असे दिसले नाही, आणि त्याआधी, २०१८ साली, ब्रिटनमधील १५,४८० मधुमेहींना सरासरी सात वर्षांहून अधिक काळ रोज एक ग्रॅमची कॅप्सूल अथवा तिच्यासारखीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल देऊन पाहिले असता हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नव्हता.

रक्तातील ट्रायग्लिसराइड फार वाढले असता डॉक्टर मोठ्या मात्रेत हे औषध देतात, ते योग्यच. पण मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा धोकाही वाढतो, म्हणून तो निर्णय त्यांच्याच हाती असावा. बाटली उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचला, तर १,००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये कामाची दोन मेदाम्ले, ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून जेमतेम ३०० मिलिग्रॅम भरतात. ताम्हिणीपलीकडच्या कोकणातली तारली वा बांगडा ताटात आला, तर ही मेदाम्ले मिळतातच, शिवाय उत्तम प्रथिनेही मिळतात. शाकाहारी घरात जवसाची चटणी आहेच, जरी तिच्यातील मेदाम्लाचे शरीरात होणारे रूपांतर अल्प असले तरी.

खरा प्रश्न वेगळाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो भरले. तरीही आपल्या बालकांत स्नायू कमी असून चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. कृश दिसणारा देहही चरबीचा धनी असतो. ज्या मुळशी पेट्यातील मावळ्यांनी १९२१ साली भाताच्या खाचरांसाठी सत्याग्रह केला, त्याच तालुक्यात आज चिखलणी-आवणीचे श्रम सोडून कोणी फाटकावर बारा तास बसून पहारा करतो, कोणी संगणकासमोर दिवस काढतो, आणि जेवणात भात मात्र पूर्वीइतकाच राहतो. फुटलेल्या बांधाची डागडुजी न करता खाचरात पाणी ओतीत राहावे, तसा या स्थितीत कॅप्सूलचा उपाय आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात तिशी ओलांडलेल्या माणसाच्या कमरेचा घेर मोजून नोंदवहीत लिहावा. पुरुषाचा ९० व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर साखर, रक्तदाब व ट्रायग्लिसराइड तपासण्याची तजवीज व्हावी. कारखान्यांनी व कंपन्यांनी पाळीच्या मध्ये चालण्याची मुभा द्यावी. आणि हिंजवडीच्या रस्त्यांवर पायी चालणाऱ्याला निर्धास्त पदपथ मिळावा. बाटलीवर दरमहा खर्च होणारा पैसा डाळ, भाजी आणि मासळीकडे वळला, आणि रोज अर्धा तास पावले झपाझप पडली, तर दाहाचे मूळ असलेली पोटातील चरबीच उतरू लागेल. ते काम कोणतीही कॅप्सूल आपल्यासाठी करणार नाही.