सल्ल्याची पावती

दिवाळी अंकात शेतीची तक्रार मांडणे म्हणजे चकली-कडबोळ्यांच्या ताटात कडुनिंबाचा पाला वाढण्यासारखे आहे, हे मी जाणतो. पण आपल्या चिवड्यातले पोहे, दाणे आणि डाळे कुणाच्या तरी रानातूनच घरात आले आहेत, आणि त्या रानाच्या मालकाला आता एक नवा सल्लागार मिळाला आहे. तो रात्रंदिवस जागा असतो, मराठी बोलतो, चहा मागत नाही आणि कधी रागावतही नाही. त्याला चॅटबॉट म्हणतात. पुण्यातल्या सभागृहांतून त्याचे कौतुक चालले असताना, एका शेतकरी घरात अशा एका यंत्राने काय केले ते सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

माझे थोरले बंधू शिरूर तालुक्यात कांदा करतात. मी शिकलो आणि पुण्यात कारकुनीत आयुष्य घालविले. दादा शिकले नाहीत, म्हणून जमीन राहिली. गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर त्यांनी उन्हाळी कांद्याचे रोप टाकले. वाफ्यांत तण माजले. पुतण्या बारावी शिकलेला. त्याने मोबाईलमधल्या एका सल्लागार यंत्राला विचारले, "कांद्यात तण झालंय, काय मारू?" यंत्राने तत्काळ औषधाचे नाव, पाण्याचे प्रमाण आणि फवारणीची वेळ सांगितली, शेवटी हातमोजे घालण्याची आठवणही केली. भाषा इतकी शुद्ध, की आमच्या गुरुजींनी पाठ थोपटली असती. आठवड्याभरात तण गेले आणि रोपही गेले. सांगितलेले प्रमाण लावणी होऊन रुजलेल्या कांद्याचे होते. आमचा कांदा अजून वाफ्यात, करंगळीएवढा होता.

गावातल्या कोणाही जाणत्या माणसाने आधी एक उलटा प्रश्न विचारला असता: "रोपात की रानात?" यंत्राने तो विचारला नाही. पुतण्याने मागाहून जाब विचारला, तेव्हा ते म्हणाले, "क्षमस्व, आपण रोपवाटिकेचा उल्लेख केला नव्हता." दादा औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मी सांगितलं असतं तर माझी मान धरली असती तुम्ही. तुम्ही नाव घेऊन मागितलंत, मी बिल फाडून दिलं." त्याचे काय चुकले? त्याच्यापाशी परवाना आहे, बिलबुक आहे. त्याने खोटा माल दिला तर त्याला ग्राहक आयोगात उभे करता येते. सल्ला देणारा मात्र ना दुकानात होता, ना चावडीवर, ना कचेरीत. बियाणे गेले, महिना गेला, आणि दादांनी विकतचे रोप आणून लावणी उरकली.

वाचकांनी माझी गणना यंत्रद्वेष्ट्यांत करू नये. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. असल्या लाखो तुकड्यांच्या बांधावर सरकारी माणूस वेळेवर पोचत नाही, हे उघडे सत्य आहे. कृषी सहायकाचे २०२५ मध्ये 'सहायक कृषी अधिकारी' असे नामकरण झाले. नाव लांबले, पण त्याच्या वाटची गावे त्यामुळे कमी झाल्याचे ऐकिवात नाही. अशा वेळी मध्यरात्री पिकाची काळजी लागलेल्या माणसाला कोणी तरी बोलायला मिळाले, तर त्यात वाईट काय? किसान कॉल सेंटर २००४ पासून फोनवर हेच काम करीत आले. केंद्र सरकारचा 'किसान ई-मित्र' २०२३ मध्ये आला, तो मुख्यतः सन्मान निधीच्या हप्त्यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी. महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या खरिपाच्या तोंडावर 'महाविस्तार' आणले, आणि त्याच जूनमध्ये मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. या खर्चाला माझी हरकत नाही. माझी हरकत एकाच गोष्टीला आहे: या हिशेबात सल्ला देणाऱ्याची बाजू आहे, सल्ला चुकला तर भरून देणाऱ्याची नाही.

हे यंत्र चालते कसे, तेही थोडक्यात पाहावे. त्याने डोंगराएवढा मजकूर वाचलेला असतो, त्यातला फार मोठा भाग इंग्रजी. आणि एका शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत ते वाक्य पुरे करते. त्यामुळे ठाऊक असलेली आणि ठाऊक नसलेली गोष्ट ते एकाच सुरात सांगते. माणूस अडखळतो, डोके खाजवितो, "उद्या विचारून सांगतो" म्हणतो. त्या अडखळण्यावरून ऐकणारा सावध होतो. यंत्राला अडखळणे ठाऊक नाही. सरकारी यंत्रे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या विद्यापीठांच्या शिफारशींशी बांधून ठेवावीत, हे योग्यच. पण शिफारस बरोबर असून ती चुकीच्या वाफ्यावर गेली, तर काय होते ते मी वर सांगितलेच आहे. आणि औषधाची चूक ही नुसती रोपाची चूक नसते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जिथे प्रमाण चुकले तर माणूस जातो, तिथे 'क्षमस्व' हा शब्द पुरत नाही.

"उत्तरे पडताळून घ्यावीत," अशी सूचना ही यंत्रे बारीक अक्षरांत देतात. पडताळून घ्यायचे कोणाकडून? ज्याच्याकडून घ्यायचे तो माणूस नाही, म्हणून तर यंत्र आले! आणि जो होता तोही कमी होतो आहे. हवामान खात्याचा कृषिहवामान विभाग १९३२ मध्ये आपल्याच पुण्यात सुरू झाला. त्याच परंपरेतून जिल्ह्याजिल्ह्यांत कृषिहवामान केंद्रे उभी राहिली. तिथली माणसे अंदाज पाहून तालुक्याच्या पिकांप्रमाणे सल्ला लिहीत. देशभरातली अशी १९९ केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. एकीकडे पडताळणारे हात काढून घ्यायचे आणि दुसरीकडे पडताळून घ्या म्हणून बजावायचे, याला आमच्या गावाकडे शिडी काढून घेऊन माडीवर बोलावणे म्हणतील.

याच पुण्यात यापेक्षा शहाणा एक प्रयोग झाला होता. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे उभी केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर वाद घालीत, आणि उरलेले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने नंतर तपासणी केली. मंडळे असलेल्या गावांतले ज्ञान ठळकपणे वाढले होते. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसे नाही. आवाज तोच, सल्ला तोच. फरक पडला तो चार माणसांनी तो सल्ला चघळल्यामुळे आणि प्रश्न वर नेण्याची वाट असल्यामुळे. आजचे यंत्र शेतकऱ्याशी एकट्याने, रात्री, अंथरुणात बोलते. दहा जण बसले असते, तर एक तरी म्हातारा म्हणाला असता, "अरे, रोपात की रानात?"

शिवाय काही प्रश्नांची उत्तरे यंत्रापाशी नसतातच. "यंदा कांदा लावू का?" हा त्यांतला पहिला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसला, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती २०२४ च्या मे महिन्यात उठली. कर पुरता गेला तो १ एप्रिल २०२५ रोजी. हे कोणत्या पुस्तकात वाचून यंत्राने सांगावे? दादांनी विचारले, तर ते म्हणाले, "बाजारभावाचा अभ्यास करून निर्णय घ्यावा." हा प्रश्न यंत्राच्या पोटात जिरून जाता कामा नये, तो दिल्लीत आणि मुंबईत पोचला पाहिजे. जोतिरावांनी १८८३ मध्ये पुण्यात 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, तेव्हा कुणब्याचे दुखणे असे होते, की कागद दुसऱ्याच्या हाती होता. आता तर कागदच उरलेला नाही.

म्हणून राज्याचे कृषी आयुक्तालय ज्या शहरात आहे, त्याच शहरातून मी तीन मागण्या करतो. पहिली, यंत्राच्या प्रत्येक सल्ल्याची पावती शेतकऱ्याला मिळावी: काय विचारले, काय सांगितले, कोणत्या शिफारशीच्या आधारे, आणि त्याला जबाबदार अधिकारी कोण; सल्ला चुकीचा ठरला, तर त्या पावतीवर भरपाई मागता यावी. दुसरी, विषारी औषधाचे नाव सांगण्याआधी यंत्राने पीक, वय आणि वाफा विचारलाच पाहिजे. ठाऊक नसेल तर तसे सांगून त्या विभागातल्या माणसाचा फोन जोडून द्यावा, आणि त्या फोनवर माणूस असावा. तिसरी, तालुक्यात ज्या प्रश्नांना उत्तर मिळाले नाही, त्यांची यादी दरमहा ग्रामसभेत वाचली जावी. यासाठी ५०० कोटींतले थोडे पैसे माणसांवर खर्च झाले, तर यंत्राचा अपमान होणार नाही.

"अशी जबाबदारी घातली तर यंत्रे कोणी बनविणारच नाही," असे म्हणतील. मग दुकानदाराला परवाना लावला तेव्हा दुकाने बंद पडली काय? जो आपल्या शब्दाला बांधील राहू इच्छित नाही, त्याने दुसऱ्याच्या रानात बोलू नये, एवढाच साधा न्याय आहे.

पाडव्याला ओवाळताना आमच्या आयाबहिणी बळीच्या राज्याची मागणी करतात. यंदा मी गावी गेलो, तेव्हा दादांचे रोप पुन्हा वाफ्यात वर आले होते. पुतण्या अजूनही यंत्राला विचारतो. दुसरे विचारायचे कोणाला? फक्त आता तो शंभर पानी वही ठेवतो. तारीख, वेळ, प्रश्न, उत्तर, सारे त्यात लिहून घेतो, आणि मग म्हाताऱ्यांना वाचून दाखवितो. मला वही दाखवीत म्हणाला, "काका, त्याची पावती मीच फाडतो." मी पाने उलटली. अक्षर सुरेख आहे. शेवटचा रकाना त्याने सहीसाठी आखला आहे. तो पहिल्या पानापासून कोरा आहे.