डिस्क गेली म्हणण्याआधी

मंडळी, दिवाळीची साफसफाई काढली की कपाटातून लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या सीडी निघतातच. हल्लीच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, मग कुणाकडून तरी यूएसबीवाला मागून आणायचा. सीडी घातली की कॉम्प्युटर म्हणतो वाचता येत नाही, स्टुडिओवाला म्हणतो "गेली ही", आणि सीडी जाते भंगारात. माझं म्हणणं एवढंच की लॉग वाचल्याशिवाय 'डिस्क गेली' असं म्हणायचा हक्क कुणालाच नाही.

स्क्रीनवरची ती एररची खिडकी सगळ्या रोगांना एकच नाव देते. टर्मिनल तसं करत नाही. लिनक्सवर आधी एल-एस-बी-एल-के ही कमांड द्या. यादीत 'एसआर झीरो' दिसत नसेल तर डिस्कला बोल लावू नका, ड्राइव्हच मशीनपर्यंत पोचलेला नाहीये. मग डी-एम-ई-एस-जी. ड्राइव्ह सारखा जोडला जातोय आणि सुटतोय असं दिसलं तर बहुतेक वेळा वीज कमी पडतेय. यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून हमी 500 मिलिअँपिअरचीच, आणि डिस्क फिरायला लागताना ड्राइव्हला त्याहून जास्त लागू शकते. दोन तोंडांची वायर लावून बघा. 'मीडियम एरर' आणि सेक्टरचा नंबर आला, तर मात्र डिस्ककडे संशयाने बघायचं.

आता खरी गंमत. 2000 नंतर बोरिवली काय आणि मुलुंड काय, लग्नाच्या कॅसेटच्या जागी व्हीसीडी आली. हे स्टँडर्ड 1993 चं. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये 2048 बाइट डेटा असतो आणि उरलेली बरीचशी जागा चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. व्हीसीडीत ती जागाही व्हिडिओलाच दिली, सेक्टरमागे 2324 बाइट. म्हणून तर एका डिस्कवर 74 मिनिटं मावतात. पण लिनक्सवर तिच्यातली डॅट फाइल नेहमीसारखी कॉपी करायला गेलात की 'इनपुट आउटपुट एरर' येते, डिस्क ठणठणीत असली तरी! सिस्टिम 2048 बाइटचे सेक्टर मागते आणि ड्राइव्ह नाही म्हणतो. लॉगमध्ये तेव्हा 'मीडियम एरर' नसतं, 'इल्लीगल रिक्वेस्ट' असतं. म्हणजे दोष आपल्या मागण्यात आहे. व्हीसीडीइमेजर नावाच्या पॅकेजमधली व्हीसीडीएक्सरिप ही कमांड तोच व्हिडिओ सरळ एमपेग फाइल म्हणून काढून देते.

आणि डेटा सीडी किंवा डीव्हीडीवर खरोखरच 'मीडियम एरर' असेल तरी लगेच हात टेकू नका. डीडी ही साधी कमांड पहिल्या एररला थांबते. डीडीरेस्क्यू आधी सोपा भाग उचलते, कुठलं राहिलं त्याचा नकाशा एका फाइलमध्ये ठेवते आणि मग अवघड जागी परत जाते. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तोच नकाशा दिला तर उरलेल्यातलंही काही हाती लागतं. एका ड्राइव्हला न दिसलेला सेक्टर दुसऱ्याला दिसू शकतो.

"हे सगळं काकूंना कसं जमणार?" असं कुणी विचारेल. काकूंना जमायची गरजच नाही हो! आपल्याकडे दर घरटी एक तरी आयटीवाला असतो. आठवडाभर कंपनीचे लॉग वाचतो, रविवारी घरचा वाचायला काय हरकत आहे? स्टुडिओने दिलेल्या त्या बहुतेक सीडी रेकॉर्डेबल, म्हणजे डेटा रंगाच्या थरात. उजेडाने, उष्णतेने तो रंग उतरतो, आणि छापील बाजूला ओरखडा पडला तर वरचा चकाकणारा थरच जातो. चांगले ड्राइव्हही कमी होत चाललेत. त्या व्हिडिओत नवऱ्यामुलीच्या मागे उभे असलेले आजोबा दुसरीकडे कुठेच हलताना-बोलताना सापडणार नाहीत.

तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी दोन कमांड तेवढ्या देऊन बघा :)