एका षटकाचा हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरच्या झहीर खानचे नाव निघताच कित्येक क्रीडारसिकांस २००३ च्या विश्वचषकातील अंतिम सामन्याचे पहिले षटकच आठवते. त्यात १५ धावा गेल्या, हे खरे. परंतु त्याच गोलंदाजाने २०११ च्या विजयी विश्वचषकात २१ बळी मिळविले, हे विसरून कसे चालेल? फुटबॉलमध्येही तेच. १९९४ साली ५ गोल करून इटलीस अंतिम फेरीत नेणारा बाज्जिओ अनेकांच्या लेखी हुकलेल्या पेनल्टीपुरताच उरला. चुकांची खंत खेळाडूस वाटावी, तो त्याचा विवेक होय. प्रेक्षकांनी तिचे भांडवल करणे ही मात्र कृतघ्नता आहे. हिशेब मांडावयाचाच, तर जमेची बाजूही वाचली पाहिजे, असे आम्हांस वाटते.