‘वेंट’ची भीती आणि आपला ‘गेला’

विश्रामबागेत सायंकाळी सांगली-मिरज रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांत शिरले की एखाद्या शिकवणीच्या खोलीतून सामुदायिक घोष हमखास कानी पडतो : ‘गो, वेंट, गॉन, कम, केम, कम, डू, डिड, डन.’ लय पाढ्यांची आणि श्रद्धाही पाढ्यांचीच. बे दुणे चार का, हे जसे कोणी विचारत नाही, तसेच ‘गो’चे ‘वेंट’ का, हेही कोणी विचारत नाही. आम्हीही याच लयीत इंग्रजी शिकलो आणि पुढे बरीच वर्षे याच लयीत शिकवले. हा लेख म्हणजे त्या शिकवण्याविषयीची आमची तक्रार आहे, आणि तिचा पहिला रोख आमच्याकडेच आहे.

निमित्त एका जुन्या प्रसंगाचे. पदवीच्या वर्गात इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’वर चर्चा चालू होती. जत तालुक्यातून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली एक विद्यार्थिनी धीर करून उभी राहिली आणि म्हणाली, ‘नोरा डिड नॉट वेंट बॅक...’ वाक्य पुरे होण्याआधीच वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, पण ‘डिड नॉट गो’ अशी दुरुस्ती तेवढी केली आणि पुढे सरकलो. ती खाली बसली. वर्षअखेरपर्यंत पुन्हा बोलली नाही. तिला काय म्हणायचे होते, ते तिच्या उत्तरपत्रिकेतून आम्हाला कळले : नोरा परत गेली नाही असे आपण गृहीत धरतो, नाटक मात्र दार लोटल्याच्या आवाजापाशी थांबते, पुढचे काही सांगत नाही. त्या तासाला इतके नेमके दुसरे कोणी बोलले नव्हते.

या ‘डिड नॉट वेंट’कडे आपण अडाणीपणा म्हणून पाहतो. वस्तुतः त्यामागे एक व्याकरण आहे, आणि ते मराठीचे आहे. ‘ती गेली’ याचा नकार मराठीत ‘ती गेली नाही’ असा होतो. भूतकाळ क्रियापदातच राहतो, ‘नाही’ नुसते येऊन शेजारी उभे राहते. इंग्रजीत तसे होत नाही. तिथे ‘डिड’ येते, भूतकाळाचा भार स्वतःच्या खांद्यावर घेते आणि मूळ क्रियापद मोकळे होऊन ‘गो’ उरते. एका वाक्यात भूतकाळ एकदाच दाखवायचा, इतकाच काय तो नियम.

हा नियम समजावून द्यायला मराठीच उपयोगी पडते. ‘तू गेलास’ याचा नकार करून पाहा : ‘तू गेला नाहीस’. ‘गेलास’मधला ‘स’ उठून ‘नाही’कडे गेला! ‘तुम्ही गेलात’चे ‘तुम्ही गेला नाहीत’ होते, तिथे ‘त’ सरकतो. म्हणजे क्रियापदावरचा भार सहायकाकडे सोपवण्याची युक्ती आपल्या विद्यार्थ्यांना लहानपणापासून अवगत आहे. मराठी पुरुषाचा प्रत्यय सरकवते, इंग्रजी काळाचा. एवढे फळ्यावर लिहायला दहा मिनिटे लागतात. आम्ही ती दहा मिनिटे कधी दिली नाहीत.

आता खुद्द ‘वेंट’विषयी. ‘गो’शी त्याचे काही नाते दिसत नाही, कारण ते मुळात ‘गो’चे नाहीच. ‘वेंड’, म्हणजे वळणे, मार्ग धरणे, या क्रियापदाचा तो भूतकाळ. ‘सेंड-सेंट’, ‘बेंड-बेंट’, ‘स्पेंड-स्पेंट’ या पंक्तीत ‘वेंड-वेंट’ बसवले की ते एकदम शिस्तीचे वाटू लागते. जुन्या इंग्रजीत जाण्याच्या क्रियापदाचा भूतकाळ ‘एओदे’ असा होता, तोही दुसऱ्याच मुळातून आलेला. पंधराव्या शतकाच्या सुमारास त्याची जागा ‘वेंट’ने घेतली. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘गेड’ असे ‘गो’पासूनच बनवलेले रूप रूढ झाले. ‘गोड’ असे लिहून लाल फुली मिळवणाऱ्या पाचवीतल्या मुलाने जे केले, तेच एका अख्ख्या प्रदेशाने केले आहे.

आणि आपला ‘गेला’? ‘जाणे’चा भूतकाळ ‘जाला’ का होत नाही, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडला? ‘जातो’ हे संस्कृत ‘याति’ आणि प्राकृत ‘जाइ’ यांवरून आले, तर ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’वरून. दोन वेगळ्या धातूंनी एका क्रियापदाचा संसार थाटला आहे, अगदी ‘गो’ आणि ‘वेंट’ यांच्यासारखा. हिंदीतले ‘जाना-गया’ही असेच. गंमत अशी की इंग्रजीतले ‘कम’ हे या ‘गम्’चे सख्खे भाऊबंद आहे; दोन्ही एकाच इंडो-युरोपीय मुळातून निघाले. म्हणजे आपल्याकडचे जाणे त्यांच्याकडे येणे झाले. निरोप घेताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या आपल्या समाजाला याचे नवल वाटू नये.

‘करणे-केला’, ‘मरणे-मेला’, ‘येणे-आला’ : मराठीतही अनियमित रूपे सापडतात ती अशा रोजच्या क्रियापदांतच. इंग्रजीतही तसेच आहे. सर्वाधिक वापरातली दहा क्रियापदे घेतली तर ती सारी अनियमित निघतात. कारण उघड आहे. जो शब्द दिवसातून शंभरदा तोंडी येतो त्याचे जुने रूप विसरायला कोणाला सवडच मिळत नाही. क्वचित वापरातले शब्द नियमाच्या आधीन होतात. म्हणून अनियमितता म्हणजे भाषेचा लहरीपणा नव्हे, ती तिची स्मृती आहे. ‘मी करलं’ म्हणणारे मराठी मूल आणि ‘गोड’ म्हणणारे इंग्रजी मूल, दोघेही नियम हाती लागल्याचीच खूण देत असतात. मुले ऐकलेलेच परत म्हणत नाहीत, नियम काढतात, हे जीन बर्को यांनी १९५८ साली न ऐकलेल्या बनावट शब्दांच्या प्रयोगातून दाखवून दिले. त्या खुणेवर आपण लाल फुली मारतो.

‘गॉन’ची गोष्टही अशीच. ‘तो सांगलीला गेला आहे’ म्हणजे अजून तिकडेच आहे, तिथे ‘हॅज गॉन’. ‘तो सांगलीला जाऊन आला आहे’ म्हणजे परतला, तिथे ‘हॅज बीन’. इंग्रजी शिकणाऱ्यांना छळणारा हा भेद मराठीने ‘जाऊन येणे’त केव्हाच पक्का करून ठेवला आहे.

यावर आक्षेप येईल की इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, मधे मराठी आणू नये. दिवसभर कानांवर इंग्रजी पडत असेल तिथे हे खरेही असेल. वर्गाबाहेर पडताच जिथे मराठी, आणि जतकडे कानडीही, सुरू होते, तिथे हा आग्रह मुलांना गप्प बसवतो. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. वर्षे वाढली, घोष तोच राहिला. पाठांतर नको असे आमचे म्हणणे नाही. ‘वेंट’ पाठच करावे लागते, त्याला इलाज नाही. पण पाठांतराच्या शेजारी आपल्या भाषेचा रकाना असावा : गो-वेंट, जा-गेला.

याच विश्रामबागेत १९१९ साली सुरू झालेल्या विलिंग्डन महाविद्यालयात वि. कृ. गोकाक यांनी इंग्रजी शिकवले आणि लेखन कन्नडात केले. इंग्रजीची चाकरी करण्यासाठी आपली भाषा उंबऱ्याबाहेर ठेवावी लागते, असे त्यांच्या पिढीला वाटले नसावे. आपल्याला ते का वाटू लागले, याचा विचार इंग्रजीच्या आणि मराठीच्या अध्यापकांनी एकत्र बसून करायला हवा. कारण मराठीच्या वर्गातही आपण निर्दोष नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या कित्येक मुली ‘मी गेलो’, ‘मी जातो’ म्हणतात. ही त्यांच्या बोलीची रीत आहे. प्रमाण मराठीच्या तासाला त्यावरही हशा पिकतो. त्या विद्यार्थिनीच्या वाट्याला हे एकच क्रियापद दोन भाषांत दोनदा दुरुस्त होऊन आले असणार.

तिचे ‘नोरा परत गेली नाही’ हे वाक्य तिच्या मनात बिनचूक होते. चुकले ते वाटेत, दोन व्याकरणांच्या सांध्यावर, आणि तो सांधा दाखवण्याचे काम आमचे होते. आम्ही ‘गो’ दुरुस्त केले आणि नोराविषयीचा तिचा प्रश्न तसाच राहू दिला.