फडाचा न्याय

पावसाने दडी मारली की खानदेशात दोन गोष्टी हमखास घडतात. दुष्काळ जाहीर करा, अशी मागणी होते आणि शिवारात बोअरची गाडी फिरू लागते. पहिल्या गोष्टीसाठी सभा-मोर्चे निघतात. दुसरीविषयी कोणी बोलत नाही. वास्तविक बोलायला हवे ते दुसरीविषयीच.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम व आरम नद्यांवर फड पद्धत तीन-चारशे वर्षे चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालील जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक, पाणी देण्यास गावानेच नेमलेला पाटकरी. परंतु तिचे खरे मर्म बंधाऱ्यात नसून वाटणीत आहे. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात असे. नदीला पाणी कमी असले, की एखादा फड कोरडा ठेवीत. तोटा सर्वांचा थोडाथोडा होई; एकाचेच घर बसत नसे. आधी पाणी पाहावे, मग पीक ठरवावे, असा तो न्याय होता.

आज आपण आधी पीक ठरवतो आणि मग पाणी शोधतो. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. केळीला त्याच्या दुपटीहून अधिक पाणी लागते. उरलेले जमिनीच्या पोटातून येते. रावेर-यावल भागात हा उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला आहे. त्यात पाऊसही बेभरवशाचा झाला. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा वर्षी ज्याच्यापाशी पैसा आहे तो आणखी खोल जातो आणि शेजारच्या लहान शेतकऱ्याची विहीर आटते. जोखीम नाहीशी होत नाही. ती दुबळ्याच्या माथी जाते.

यावर कोणी म्हणेल, ठिबक आहे ना! ठिबकाने पाणी वाचते, हे खरेच. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लावली, तर भूगर्भात काय उरले? तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार २०२५ साली महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात झाला. ती योजना व्हावीच. परंतु भरणारे हात वाढले आणि उपसणाऱ्यांना धरबंध राहिला नाही, तर काय साधणार?

जुनी फड पद्धत जशीच्या तशी परत येणार नाही. जमिनीच्या वाटण्या झाल्या, घरोघर विहिरी झाल्या. पण तिचा न्याय आजही चालू शकतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली, ऊस-केळी वर्ज्य केली; तेथे पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरतात. आपल्याकडे केळी बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. तिच्यावर हजारो घरे चालतात. मात्र पावसाळा संपताच विहिरी मोजून, यंदा गावात केळी किती लावायची, हे ग्रामसभेने ठरवणे अशक्य आहे काय?

आपल्यापैकी बहुतेकजण शेतकऱ्यांच्या घरचे आहोत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात शिबिराच्या गावातील विहिरींची पातळी मोजून ते आकडे आपण चावडीवर लावावेत. पाणी किती आहे हे सर्वांना एकदम दिसले, तरच वाटणीची भाषा सुरू होईल.