तालावरचे खेळ : ईदीचे पैसे कुठे घालावेत?

ईदी हातात पडली की मुलांची यादी तयार असते. अलीकडे त्या यादीत गाण्याच्या तालावर खेळायचे व्हिडिओ गेमही असतात. संगीत घरात किती असावे, हे ज्या त्या घराने ठरवावे. ज्यांची हरकत नाही, त्या अम्मी-अब्बांशी आम्ही येथे पैशांपुरते बोलतो.

सर्वांत गाजलेला ‘गिटार हिरो’, २००५ सालचा. प्लास्टिकच्या गिटारवर पाच रंगीत बटणे. पडद्यावर जो रंग उतरेल तो वेळेवर दाबायचा. मजा भरपूर, पण त्याने गिटार वाजवता येत नाही. २०१५ मध्ये ‘गिटार हिरो लाइव्ह’ आला तेव्हा बटणांची मांडणी बदलली आणि जुनी गिटार निकामी ठरली. डिस्कवर ४२ गाणी होती, बाकीची शेकडो इंटरनेटवरून येत. १ डिसेंबर २०१८ला ती सेवा बंद झाली आणि घेणाऱ्यांच्या हाती ४२च उरली. सेकंडहँड स्वस्त मिळाला तरी सोबतचा यूएसबी रिसीव्हर आहे ना, ते पाहा. तो नसेल तर गिटार नुसते खेळणे.

‘बीट सेबर’मध्ये डोळ्यांवर हेडसेट चढवून, समोरून येणारे ठोकळे तालावर कापायचे असतात. घाम निघतो, हा फायदा खरा. पण खेळापेक्षा हेडसेट कितीतरी महाग. शिवाय एक भावंड खेळणार, बाकीची पाहत बसणार. मोकळी जागाही हवी.

‘रॉकस्मिथ’ वेगळा. त्यात खरी गिटार केबलने जोडतात. नव्या आवृत्तीला वर्गणी भरावी लागते. पण ती थांबवली तरी गिटार घरात राहते आणि बोटांना लागलेले वळणही.

आमचा सल्ला असा. आधी संगणकावर फुकट मिळणारा ‘ओसू’ महिनाभर खेळू द्या. वायरलेस हेडफोन मात्र नको. त्यात आवाज उशिरा येतो, ताल चुकतो आणि मूल उगाच हिरमुसते. महिन्याने हौस उरली नाही, तर ईदी वाचली. उरली आणि हेडसेट घरात आधीच असेल, तर ‘बीट सेबर’ घ्यावा. वाजवायलाच शिकायचे असेल, तर साधी खरी गिटार घ्यावी. प्लास्टिकच्या गिटारसाठी मात्र मुलांची ईदी खर्चू नये.