हालचालींचे दप्तर

वृत्तवाहिनीवर वक्त्याच्या नावाची पट्टी डावीकडून सरकत येते, किंचित पुढे जाऊन मागे स्थिरावते आणि त्याचे बोलणे रंगात येण्यापूर्वी निघून जाते. सेकंदाला २५ चौकटींच्या आपल्याकडील प्रक्षेपणात हा प्रवेश जेमतेम १५ चौकटींचा असतो. परंतु दोन कीफ्रेममधील, म्हणजे हालचालीच्या ठरवून दिलेल्या दोन टोकांमधील, वेगाची वक्ररेषा मनासारखी उतरेपर्यंत, आणि ‘कुलकर्णी’तील रफार व वेलांटी वरच्या कडेला कापली जात नाहीत ना याची खात्री पटेपर्यंत, संपादकाचा अर्धा दिवस सहज उलटतो. एवढ्या कष्टाने सिद्ध झालेली हालचाल काम संपताच टाकून द्यावी आणि पुढच्या कार्यक्रमासाठी पुन्हा कोऱ्या पाटीपासून आरंभ करावा, ही अनेक संपादनकक्षांतील वहिवाट मला अक्षम्य वाटते.

कीफ्रेमची कल्पना संगणकाहून जुनी आहे. डिस्नेच्या चित्रशाळेत मुख्य चित्रकार हालचालीतील निर्णायक अवस्था रेखाटीत आणि मधली चित्रे साहाय्यक भरीत. पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी हे मधले काम संगणकाकडे सोपविले, आणि त्याच पद्धतीने पीटर फोल्देस यांचा ‘हंगर’ हा लघुपट १९७४ मध्ये पडद्यावर आला. मधल्या चौकटींचा भार यंत्राने उचलला खरा, पण टोके कोठे असावीत आणि त्यांमधील वेग कसा चढावा, कसा उतरावा, हा निर्णय माणसाकडेच राहिला. प्रीसेट, म्हणजे पुन्हा वापरता येईल अशी साठविलेली मांडणी, करून आपण जतन करतो तो हा निर्णय.

जतन करतानाही अवधान हवे. प्रीमिअर प्रो या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रीसेट साठविताना तीन पर्याय पुढे येतात: कीफ्रेम क्लिपच्या लांबीच्या प्रमाणात ताणाव्यात, आरंभाला बांधाव्यात, की अखेरीला. पाच सेकंदांच्या क्लिपवर केलेली पट्टी ताणण्याचा पर्याय ठेवून दहा सेकंदांच्या क्लिपवर टाकली, तर १५ चौकटींचा प्रवेश ३० चौकटींचा होतो आणि ती चपळ पट्टी दुखणाइतासारखी पाय ओढीत येते. म्हणून ट्रान्सफॉर्म हा इफेक्ट दोनदा लावून, प्रवेश आरंभाला आणि निर्गमन अखेरीला बांधून, दोन निरनिराळे प्रीसेट करावेत. मग क्लिप कितीही लांबो, चाल बिघडत नाही.

अशा प्रीसेटांमुळे सगळ्या चित्रफिती एकसारख्या दिसू लागतात, हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. तो विकत आणलेल्या आयत्या प्रीसेटांपुरता खरा आहे. स्वतः घडविलेली आणि गरजेप्रमाणे पुन्हा फिरविलेली हालचाल मात्र हस्ताक्षरासारखी असते, आणि हस्ताक्षर पानापानाला बदलावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही.

मी ज्या कचेरीत पूर्वी होतो, तेथे एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा संगणक एका रविवारी साफ करून नव्याने मांडण्यात आला. प्रकल्पांच्या फाइली सामायिक साठ्यात सुरक्षित होत्या. प्रीसेट मात्र त्याच्या वापरकर्ता-खात्याच्या फोल्डरात होते, आणि ते निर्यात करून ठेवावेत अशी तजवीज कोणीच केलेली नव्हती. सोमवारी तो बराच वेळ रिकाम्या यादीकडे पाहत बसला, आणि मग काही न बोलता पहिली कीफ्रेम टाकू लागला. ते दृश्य मी विसरू शकलेलो नाही.

आणि निर्यात केली तरी एका सॉफ्टवेअरचा प्रीसेट दुसरे सॉफ्टवेअर उघडीत नाही. कोणता तुकडा कोठे कापला याची यादी सीएमएक्स या जुन्या संपादनप्रणालीच्या काळापासून एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येते. उपशीर्षकांची साधी एसआरटी फाइल तर जवळजवळ कोठेही चालते. हालचालीचे स्थान आणि आकार एक्सएमएलमधून काही अंशी पार पडतात, पण वेगाच्या वळणाची सगळी नजाकत वाटेत गळण्याचा धोका राहतोच. कीफ्रेम म्हणजे अखेर काळ, मूल्य आणि दोन्ही बाजूंच्या उताराचा हिशेब. तो सर्वांना वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात देणे या कंपन्यांना अशक्य नाही, आणि वापरकर्त्यांनी ते हक्काने मागितले पाहिजे.

तोवर जुन्या दफ्तरखान्यातील रुमालांवर चिठ्ठी असे, तशी प्रत्येक प्रीसेटला मी चिठ्ठी लावतो: ‘नावपट्टी, प्रवेश, १५ चौकटी, आरंभाला बांधलेली’, आणि दर शनिवारी त्याची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर जाते, तिच्यासोबत वक्ररेषेचे छायाचित्र आणि ती ज्याने घडविली त्याचे नाव.